रजा मंजूर, समुद्र शांत

बायकोने कपाटावरची बॅग खाली काढली, फडक्याने पुसली आणि नवऱ्यासमोर ठेवून सरळ विचारले, "जायचं की नाही, एकदा काय ते सांगा."

नवरा आरोग्य खात्यात होता. डॉक्टर नव्हता. नागरिकांसाठी रोज संध्याकाळी जे पत्रक निघते आणि रेडिओवर वाचले जाते, ते लिहायचे काम त्याच्याकडे होते. नळाला गढूळ पाणी येवो, डास वाढोत की कुत्री पिसाळोत, पत्रकाचा शेवट ठरलेला असे: 'नागरिकांनी चिंता करू नये.' वर्षानुवर्षे हे वाक्य ऐकून ऐकून कॉलनीने त्याचे नावच 'चिंतानको' पाडले होते. आता घरमालकसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारी.

सध्या शहरात एक नवाच ताप आला होता. त्याची सुरुवात म्हणे उचकीने व्हायची. पुढे काय व्हायचे ते कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे प्रत्येकजण छातीठोकपणे सांगत होता. एरवी कोणाला उचकी लागली की 'कोण बरं आठवण काढतंय?' म्हणून लोक चेष्टा करत. आता आठवण काढणारा लांबच राहिला, शेजारी बसलेलाही उठून जाऊ लागला.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय."

"कालचं पत्रक वाच की. चिंता करू नये, असं स्पष्ट लिहिलंय."

"ते लोकांसाठी. मला खरं सांगा."

"खरं म्हणजे?"

"म्हणजे आतली गोष्ट. तुम्हा लोकांना माहीत असते ती."

 आतली गोष्ट अशी होती की आत काहीच गोष्ट नव्हती. साहेब सांगत तसे तो लिही. साहेबांना वरून सांगितले जाई. आणि वरचे लोक त्याचेच पत्रक वाचून निश्चिंत होत असावेत, असा त्याला दाट संशय होता.

बायकोने अजून समुद्र पाहिला नव्हता. लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत त्याने तिला समुद्र दाखवायचे कबूल केले होते, आणि ती बिचारी त्या एका गोष्टीवर खूश होऊन बाकी काही विचारायची विसरली होती. पण दर वर्षी रजेच्या तोंडावर एखादी साथ येई आणि साहेब रजा नामंजूर करत. कावीळ आली, गोवर आला, एका वर्षी तर नुसती खरूज आली तरी रजा गेली. यंदा रजा मंजूर होती, किनाऱ्याजवळ खोली ठरली होती, आणि नेमका हा ताप.

"तुम्ही 'जाऊया' म्हणा, मी डोळे मिटून येते," बायको म्हणाली. "'नको' म्हणा, मी बॅग वर ठेवते. रडणार नाही, शपथ. पण दोन्हीतलं एक काहीतरी म्हणा."

"बघू," चिंतानको म्हणाला.

त्या 'बघू'ने पुढचा सगळा घोटाळा केला. बायकोने बॅग उघडून दोन साड्या आत टाकल्या. चिंतानकोने रस्त्यावर कोणाला तरी उचकी लागलेली पाहिली आणि घरी येऊन बॅग पुन्हा कपाटावर चढवली. दुपारी त्याला स्वतःच्याच भित्रेपणाची लाज वाटली, त्याने ती खाली काढली. संध्याकाळी ऑफिसातून येताना कसल्याशा बातम्या कानावर आल्या, ती परत वर गेली.

हे कपाट समोरच्या वहिनींच्या खिडकीतून अगदी स्वच्छ दिसत होते. वहिनींचे चिंतानकोच्या पत्रकाकडे मुळीच लक्ष नसे. त्यांचे लक्ष त्याच्या बॅगेकडे होते.

"पत्रकात काय, काहीही लिहितील," त्या जिन्यात उभ्या राहून बायकांना सांगत. "बॅग खोटं बोलत नाही. बॅग खाली आली की समजायचं, ताप गेला. वर गेली की समजायचं, आला."

बॅग खाली आली की कॉलनीत मुले खेळायला बाहेर सुटत. वर गेली की वाण्याच्या दुकानातला साबण संपे. एके दिवशी बॅग सकाळपासून तीनदा वर-खाली झाली आणि संध्याकाळी वाण्याने शटर ओढून घेतले. त्याचे डोके गरगरायला लागले होते.

हे सगळे साहेबांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. चिंतानको रजा रद्द करण्याचा अर्ज घेऊन त्यांच्या केबिनमध्ये शिरला, तेव्हा साहेब फोनवर कोणाला तरी 'होय सर, बॅगच सर' असे म्हणत होते. त्यांनी फोन ठेवला आणि अर्ज न वाचताच फाडला.

"रजा रद्द? तुमची? या साथीत?"

"साहेब, कामाचा एवढा ताण असताना..."

"दर वर्षी मी नको म्हणायचो तेव्हा तोंड पाडून बसायचात! आता जा म्हणतोय तर नको. अहो, तुम्ही घरी बसलात तर शहर घाबरेल. तुम्ही सहकुटुंब, हसतमुखाने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुट्टीला गेलं पाहिजे. हे शासकीय काम समजा."

"पण तिकडे ताप असला तर, साहेब?"

"तुमच्याच पत्रकात लिहिलंय, नाहीये म्हणून."

"ते तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलं."

"आणि तुम्ही लिहिलंत म्हणून मी मानलं," साहेब दुखावलेल्या स्वरात म्हणाले. "निघा. नाहीतर गोदामात बदली करतो. तिथे उंदीर आहेत आणि त्यांच्यावर पत्रक काढायला मी कोणाला देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतानको आणि बायको बॅग घेऊन निघाले. अख्खी कॉलनी गॅलऱ्यांत लोटली होती. बायकोने नवी चप्पल घातली होती. चिंतानको हसतमुख होता, म्हणजे त्याने ओठ ताणून ठेवले होते. वहिनींनी वरून ओरडून विचारले, "खरंच चाललात ना?" आणि त्याने "चिंता नको!" म्हटल्यावर टाळ्या पडल्या.

बस भरली, सुटायला आली, आणि मागच्या बाकावरून एक उचकी ऐकू आली. फार मोठी नव्हती. पण क्षणात सगळी बस एका दाराने खाली उतरली. ज्याला उचकी लागली होती तोही घाईघाईने उतरला आणि "कोणाला लागली हो?" असे विचारत पळाला. ड्रायव्हर खिडकीतून गेला.

धुळीत उभी राहून बायकोने नव्या चपलेकडे पाहिले. मग ती हळूच म्हणाली, "घरी चला."

"घरी कसं जायचं? अख्ख्या कॉलनीने टाळ्या वाजवल्यात!"

"मागच्या जिन्याने."

अंधार पडेपर्यंत ते एका बागेत बसून राहिले आणि वहिनींचा रेडिओ मोठ्याने लागल्यावर मागच्या जिन्याने, चपला हातात घेऊन, चोरासारखे स्वतःच्या घरात शिरले. आता सुट्टी संपेपर्यंत आतच राहायचे होते. दिवा लावायचा नाही, कुकरला शिट्टी होऊ द्यायची नाही, पडदा हलवायचा नाही. संसारातली भांडणेसुद्धा कुजबुजत करायची होती. तो मोठाच कठीण भाग होता.

त्यातच दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. चिंतानको फोन घेऊन मोरीत शिरला.

"पोचलात ना? उत्तम! आज संध्याकाळी तुम्ही किनाऱ्यावरून थेट रेडिओवर बोलायचं. मी ठरवून टाकलंय."

"साहेब, फोटो पाठवला तर नाही चालणार?" चिंतानकोने घाबरून विचारले. फोटो तरी तो कुठून पाठवणार होता, हे त्याच्या नंतर लक्षात आले.

"फोटोवर हल्ली कोण विश्वास ठेवतो? आवाज पाहिजे. मागे लाटा ऐकू आल्या पाहिजेत, काय?"

संध्याकाळी बायकोने मोरीतली लोखंडी बादली अर्धी भरली आणि पदर खोचून तिच्यापुढे बसली. समुद्र तिने पाहिला नव्हता, पण तो कसा वाजत असेल याचा तिने इतकी वर्षे विचार केलेला होता. हात बुडवून तिने पाणी एका कडेला लोटले, थांबली, मग सावकाश मागे ओढले. चिंतानको बघतच राहिला. हुबेहूब लाट होती.

"नागरिकहो," तो फोनमध्ये म्हणाला, "मी समुद्रकिनाऱ्यावरून बोलतोय. इथे हवा छान आहे, उचकी कुठेही नाही. समुद्र शांत आहे..."

ठण्! बादलीची कडी पडली.

"ते काय वाजलं?" रेडिओवरच्या बाईंनी विचारले.

"बोटीची घंटा," चिंतानको म्हणाला. इतके चांगले वाक्य त्याने उभ्या नोकरीत लिहिले नव्हते.

समोर वहिनींचा रेडिओ हेच सगळे ऐकवत होता. "ऐकलंत का? लाटा!" वहिनी नवऱ्याला ओरडून सांगत होत्या. "घंटासुद्धा वाजली! आता माझी खात्री पटली. काढा बॅग!"

पुढच्या दोन दिवसांत कॉलनी रिकामी झाली. बॅगा, पिशव्या, पोरेबाळे घेऊन सगळे समुद्राकडे गेले, आणि वाणीही दुकान बंद करून त्यांच्या मागोमाग गेला. ज्यांच्यापासून लपायचे होते ते कोणी उरलेच नाहीत. तरी सवयीने ही दोघे कुजबुजतच होती.

"आपल्यामुळे गेले सगळे," बायको एका दुपारी म्हणाली. "तिकडे खरंच ताप असला म्हणजे?"

चिंतानकोने ताट बाजूला सारले. पत्रके त्याने आजवर ढिगाने लिहिली होती, पण ती वाचून कोणी घराबाहेर पडेल अशी त्याला कधी कल्पनाच नव्हती. त्याला मनापासून वाईट वाटले. वहिनींच्या धाकट्याने गॅलरीतून हात हलवलेला त्याला सारखा आठवत होता. शेवटी त्याने नोकरीवर पाणी सोडले आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, मला एक कबूल करायचंय. मी त्या दिवशी जे बोललो..."

"फर्मास बोललात!" साहेब मध्येच ओरडले. "अहो, तुमचं ऐकून मीही निघून आलो! सहकुटुंब! किनाऱ्यावरच उभा आहे."

चिंतानकोची पाचावर धारण बसली. "इथे? म्हणजे... तिथे?"

"हो तर! ऐका, लाटा ऐका."

त्याने ऐकल्या. एक लाट आली, थांबली, गेली. दुसरी आली. जरा घाईघाईत आली, सरावाचा हात दिसत नव्हता. आणि मग...

ठण्!

"बोटीची घंटा," साहेब म्हणाले.

 नुसत्या लाटा चालू होत्या. मग लांबून साहेबांच्या बाईसाहेबांचा आवाज आला, "अहो, हात दुखले माझे, थांबू का?"

"तुम्ही नक्की कुठल्या किनाऱ्यावर आहात?" साहेबांनी खालच्या आवाजात विचारले.

"तुमच्याच, साहेब."

साहेबांनी घसा साफ केला. "बरं. मग आजच्या पत्रकात लिहा, दोन अधिकाऱ्यांनी स्वतः जाऊन पाहणी केली."

"मी अधिकारी नाही, साहेब."

"आता झालात," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

आयुष्यात पहिल्यांदा बढती मिळून चिंतानको मोरीच्या उंबऱ्यावर डोके धरून बसला. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. वहिनी होत्या. त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

"अगं, आहात कुठे तुम्ही? सगळा किनारा पालथा घातला! इथे ताप नाही की काही नाही, सगळे ठणठणीत. पोरं पाण्यातून बाहेर यायला तयार नाहीत. आणि समुद्र काय आहे गं! मला तर पहिल्यांदा बघून रडूच आलं. तुमच्यामुळे दिसला बघ. तुला कसा वाटला?"

बायकोने मोरीतल्या बादलीकडे पाहिले. "छान आहे," ती म्हणाली. "वाटलं होतं त्यापेक्षा जरा लहान आहे."

तिने फोन ठेवला. चिंतानकोला वाटले, आता आपले काही खरे नाही. तो ओरडा खायच्या तयारीने मान खाली घालून बसला. पण ती स्वयंपाकघरात गेली, मूठभर मीठ घेऊन आली, ते बादलीत टाकले आणि मोरीतल्या पाटावर बसून एक पाय पाण्यात सोडला.

"पुढच्या वर्षी तरी 'बघू' म्हणू नका," ती म्हणाली.

"नाही म्हणणार," चिंतानको म्हणाला, आणि त्याला उचकी लागली.

दोघेही दचकले. चिंतानको झटकन उठून लांब सरकला. भिंतीला पाठ लावून त्याने श्वास धरला, पण दुसरी उचकी आलीच, आणि पाठोपाठ तिसरी. नेहमीचे ते वाक्य म्हणायला त्याने तोंड उघडले, पण ते वाक्य नेमके आजच त्याला सुचेना.

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिले. मग तिने पाय थोडा बाजूला घेऊन बादलीत जागा केली.

"साहेब आठवण काढत असतील," ती म्हणाली. "या. एक पाय मावेल तुमचा."