शेवंतीला फुटलेला काळा कोंब

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही!” घड्याळजींनी सुरुवात केली, तेव्हा बायको नुकती फाटकातून आत शिरत होती. हातातली बॅगसुद्धा तिने खाली ठेवली नव्हती.

आठ दिवसांपूर्वी अंगणात नळाचा पाइप टाकायचा निघाला, म्हणून लेकीकडे जाण्याआधी तिने दाराजवळची शेवंती काढून कुंपणाशी लावली होती. ही तिच्या आईने दिलेली. आई गेली, शेवंती दरवर्षी फुलत राहिली. निघताना तिने बजावलं होतं, “सकाळी पाणी, दुपारी सावली. बाकी हात लावायचा नाही. निवांत रुजू द्या तिला.”

पण चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस! बंद पडलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्याला घास कसा उतरणार? दुसऱ्याच दिवशी शेवंतीने मान टाकली आणि घड्याळजी तिच्यापुढे उकिडवे बसले. चहाच्या चमच्याने त्यांनी ती अलगद उकरली, मुळं निरखली, परत लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी दोनदा. त्याच दिवशी चष्मा हरवला आणि दुरुस्तीखातं बंद पडलं. मग उरलं नुसतं पाणी आणि छत्री.

“उकरली नाहीत ना?” बायकोने विचारलं.

“छे! बोटसुद्धा लावलं नाही. भर उन्हात छत्री धरून असा पुतळ्यासारखा उभा, की एक चिमणी काड्या घेऊन खिशात घर बांधायला आली!”

“आणि चष्मा कुठंय?”

“कावळ्याने नेला. डोळ्यांवरून उचलून. माझ्यादेखत!”

“चष्मा गेल्यावर तो दिसला कसा?”

“ते राहू दे गं. इकडे ये. बघ, कसला दमदार कोंब फुटलाय! काळाभोर!”

बायको वाकली. तिने तो काळा कोंब चिमटीत धरला आणि ओढला. त्यामागून मातीने माखलेली एक काच आली, मग दुसरी काच, मग दुसरी काडी.

तिने चष्मा रुमालाने पुसला आणि घड्याळजींच्या नाकावर चढवला. ते खाली पाहतात तो काय, बुंध्याशी तीन हिरवे कोंब!

“अगं, खरंच जगली की!”

“जगणारच! चार दिवस तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून जगली. कावळा म्हणे! पुढच्या वेळी झाड हलवलं, की आधी तुमचा चष्मा मीच पुरून ठेवते.”