टहरौलीचे वैद्यराज

गजाननराव लघाट्यांची कचोरी मंगळवारी सकाळी, रक्ताचा रिपोर्ट आला त्या क्षणी बंद झाली. रेल्वेत छत्तीस वर्षं कारकुनी आणि वर अकरा वर्षं पेन्शन! एवढ्या काळात कोळशाची इंजिनं गेली, डिझेलचीही मागे पडली, पण झाँसीच्या माणिक चौकातल्या रोजच्या दोन कचोऱ्या काही चुकल्या नव्हत्या.

"कोलेस्टेरॉल दोनशे ऐंशी!" प्रेमलाबाईंनी नवऱ्याच्या नाकासमोर कागद नाचवला. "आजपासून दलिया."

"अगं, मशीन बिघडलं असेल त्यांचं."

"मशीन ठणठणीत आहे. तुम्ही बिघडलायत."

संसारात गजाननराव एक गोष्ट पक्की शिकले होते. प्रेमलाबाई नवऱ्याच्या बोलण्यावर काडीचा विश्वास ठेवत नाहीत. पण ग्वाल्हेरची धाकटी बहीण इंदू मोबाइलवर जे पाठवील, ते ब्रह्मवाक्य. आणि इंदूला कुणीही जे पाठवील, ते तिलाही ब्रह्मवाक्य. म्हणजे पलीकडच्या टोकाने एखादा मजकूर सोडायचाच काय तो अवकाश!

गच्चीवर उन्हात बसून त्यांनी एका बोटाने मजकूर रचला. "अळशीचे तेल, बुंदेलखंडाचे अमृत! रोज सकाळी दोन चमचे घ्यावे. गुडघे सुटतात, केस टिकतात, कोठा साफ राहतो. मुख्य म्हणजे हे तेल पोटात असले की तळलेले बाधत नाही. कचोरी निर्धास्त खावी." आता खाली कुणाचं तरी नाव हवं. लघाट्यांचं नाव घालून उपयोग नव्हता, घरातच त्याला किंमत नव्हती. वैद्य असा लांबच्या आडगावातला हवा की चौकशीला कुणी जाणार नाही. त्यांनी लिहिलं, "वैद्यराज जगन्नाथप्रसाद, वय ९६, टहरौली." ते शहाण्णव सुचल्यावर तर स्वतःवरच खूश झाले, आणि मजकूर समाजाच्या ग्रुपवर सोडून दिला.

पाचव्या दिवशी तो ग्वाल्हेरमार्गे घरी आला. वाटेत ज्याने त्याने पदरची भर घातली होती. नागपुरात कुणी स्मरणशक्ती जोडली, इंदूरमध्ये क्रिकेटची बॅट, पुढे कुणी दाराच्या बिजागऱ्या. प्रेमलाबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला. कचोरीचं वाक्य कुणा मेल्यानं गाळलं होतं!

"यात एक वाक्य कमी आहे!" गजाननराव ओरडले.

"तुम्हाला काय ठाऊक?"

गजाननरावांनी आवंढा गिळला. पाठोपाठ दोन चमचे तेलही गिळावं लागलं. नुकती रंगवलेली खिडकी चाटावी अशी चव! मग तेल गुडघ्यांना लागलं, टाळूवर थापलं गेलं. उशीचा अभ्रा पिवळा पडून पापडासारखा कडक झाला. उरलेलं प्रेमलाबाईंनी बाथरूमच्या दाराला घातलं, आणि वीस वर्षं कुरकुरणारं ते दार एका रात्रीत गप्प झालं. झालं! बाईंची श्रद्धा दुप्पट झाली.

"आपण वैद्यराजांनाच दाखवू. इंदूही येतेय."

"अगं, शहाण्णव वर्षांचा माणूस, एव्हाना गेलाही असेल!"

"अशुभ बोलू नका."

मग गजाननरावांच्या लक्षात आलं, की हे तर फारच उत्तम. टहरौलीत वैद्य सापडणार नाही, बाई तोंडघशी पडतील, तेल सुटेल, आणि इंदूचा शब्द एकदा खोटा ठरला की कचोरीचं पुन्हा बघता येईल. टॅक्सी त्यांनी स्वतः ठरवली. वाटेत गाणंसुद्धा गुणगुणले.

टहरौलीत बाजाराच्या टोकाला पाटी होती. "वैद्यराज जगन्नाथप्रसाद." खाली साठ-सत्तर माणसांची रांग.

गजाननरावांचे गुडघे, तेल लावलेले असूनही, लटपटले. आत सतरंजीवर पन्नाशीचा, काळ्याभोर केसांचा एक गृहस्थ बसला होता. मागच्या खोलीत तेलाची घाणी धडधडत होती.

"बघा जिजाजी!" इंदू कुजबुजली. "शहाण्णव वर्षं, आणि एक केस पांढरा नाही. तेलाचा गुण!"

नंबर आल्यावर गजाननरावांनी खासगी बोलायचंय म्हणून बायकांना दाराबाहेर थांबवलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "भैया, ये जगन्नाथप्रसाद मैंने बनाया है. अपनी छत पर बैठके!"

वैद्यराज दचकले नाहीत. उलट वाकून त्यांनी गजाननरावांचे पाय धरले. "तो वो आप हैं! बाबूजी, हमारी तो घानी है. अलसी का तेल कोई सूँघता नहीं था. फिर लोग आने लगे, वैद्यजी कहाँ हैं? आठ दिन हाथ जोड़े, कि भैया, यहाँ कोई वैद्य नहीं. सब बोले, देखो, कितने विनम्र हैं! नौवें दिन बोर्ड लगा दिया."

"अच्छा, मैं किसी से नहीं कहूँगा. बस मेरी घरवाली से इतना कह दो, कचौड़ी चलेगी."

वैद्यराज विचारात पडले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची कणव होती.

"बाबूजी, आप जान माँग लो. पर जो कचौड़ी खाने को कहे, उसे वैद्य कौन मानेगा?"

आणि त्यांनी बायकांना आत बोलावून, रांगेच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "कचौड़ी बंद! आजीवन! तेल दो नहीं, चार चम्मच!"

प्रेमलाबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी पदर सावरून नमस्कार केला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"नुसत्या नाडीवरून कचोरी ओळखली हो! आता सांगा, त्यांना काय कुणी जाऊन सांगितलं होतं?"

आता मात्र गजाननरावांनी ठरवलं. होऊ दे काय व्हायचं ते, सगळं खरं सांगून टाकायचं. त्यांनी तोंड उघडलं, आणि वैद्यराजांनी पहिला चमचा आत ओतला.