दगडूतात्या आणि बिघडलेला दवाखाना

आमचे शेजारी दगडूतात्या सरकारी दवाखान्यात गेले, की डॉक्टरनं काही विचारायच्या आत जीभ बाहेर काढायचे आणि त्यानं बघेपर्यंत आत घ्यायचे नाहीत. नवा डॉक्टर मान खाली घालून लिहीत राहायचा. मागं रांग, पुढं जीभ.

"निजामाच्या टायमाला डॉक्टर नाडी धरायचा, पोट दाबायचा," तात्या बाहेर येऊन ऐकवायचे. "ह्यो नुसती कागदाची नाडी बघतो!"

बहात्तरचा दुष्काळ. अमेरिकेची तांबडी ज्वारी खाऊन गावाचं पोट बिघडलं. तात्या म्हणाले, "ज्वारी धाडली त्यांनीच डॉक्टरबी धाडावा." दवाखान्याचा हौदही आटला. लाल औषधाला बाटली आपली न्यायचीच, आता पाणीही आपलंच. कंपाउंडर औषधात पाणी लई घालतो, ही तात्यांची जुनी तक्रार. दुष्काळानं तेवढी मिटवली.

एवढ्या शिव्या घालून माणूस दर बुधवारी तिथंच. लोखंडासारखा गडी, कमरेला सुई टोचून लंगडत घरी यायचा. सुई दुखली नाही तर म्हणायचे, "आज नुसतं पाणीच टोचलं." मी म्हणायचो, खोड आहे, दुसरं काय.

एका बुधवारी मी रांगेत त्यांच्या मागंच होतो. तात्या सांगत होते, "कंबर धरती. चक्कर येती. अन् अंगावर पांढरं जातंय."

डॉक्टरनं मान वर केली. "तात्या, हे तर बायकांचं दुखणं!"

रांग हसली. मीही हसलो. तात्या लालबुंद.

"मग बायकांचंच हाय! आमच्या हिचं हाय. नर्सबाईची बदली केली, दुसरी दिली न्हाय. गड्यामाणसाला ती काय सांगंल? म्हून म्या सांगतोय. तुमी ऐकलं का कवा?"

"अहो, पण सुया तुम्ही कशाला घेतल्या?"

"न्हाय म्हणलं असतं तर हिच्यासाठी बाटली दिली असती का तुमी?"

मग डॉक्टरनं तालुक्याहून नर्सबाई बोलावली.

ती आली त्या दिवशी तात्यांनी काकूंना बैलगाडीतून आणलं. दार लागलं. तात्या पायरीवर बसले. कुणाला शिवी नाही, काही नाही. मी तंबाखू पुढं केली, तर बघितलीही नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. नर्सबाई म्हणाली, "रक्त कमी आहे. येत राहा, बऱ्या होतील."

तात्या उठले आणि त्यांनी काकूंचा हात धरला. आमच्याकडं चारचौघांत अशी रीत नाही. मी बैलांकडं बघत राहिलो.

"आवं, सोडा की," काकू हळूच म्हणाल्या. "माणसं बघत्यात."

"बघू दे."