दाबलं की कळलं पायजे

इनासकाकांनी तुम्हाला तुमचं पूर्ण नाव विचारलं, तर आधी डॉक्टरकडे जाऊन यावं, असं आमच्या पापडी गावातल्या गल्लीत म्हणतात. एका लग्नात त्यांनी शेजारच्या पेद्रूमामांना सहज विचारलं, "कागदावर पूर्ण नाव काय लावतोस रे तू?" मामांनी भरलेलं ताट तसंच ठेवलं आणि थेट रक्तदाब तपासायला गेले.

कारण गावात कोणी गेलं की निधनाची बातमी लिहायचे ते इनासकाकाच. मुंबईच्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर हे पुण्यकर्म त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. गेलेल्याचं नाव, मुलं, सुना, जावई, मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची वेळ, सगळं नीट टाइप करून मेलवरून एका दमात गावाला कळवायचं. ते वाचून चर्चचा घंटावाला मरणाची घंटा वाजवणार आणि लांबचे नातेवाईक घराबाहेर पडणार. या कामात घाई फार. म्हणून माणूस अंथरुणाला खिळला की काका मजकूर आधीच तयार ठेवायचे, मरणाच्या वेळेची जागा तेवढी कोरी. आजाऱ्याच्या उशाशी बसून लिहायलाही त्यांना काही वाटत नसे. "मेल्यावर सगळे रडत असतात. तेव्हा मधलं नाव कोन सांगनार?" असं म्हणायचे.

जुन्या लॅपटॉपवर ते बोटं अशी आपटायचे, की पडवीतून खटखट ऐकू आली की अख्खी गल्ली हातातली कामं टाकून विचारायची, "कोन गेलं?" मी इथे नवीन फ्लॅट घेऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटत होतं, म्हातारा कादंबरी लिहितोय.

तो लॅपटॉप एकदाचा बंद पडला. कॅनडातल्या लेकीने, ग्रेटाने, स्वतःचा पाठवून दिला. दिसायला देखणा, हलका. पण त्याच्या सगळ्यात वरच्या ओळीत बटणंच नव्हती. तिथे होती काचेची गुळगुळीत पट्टी. तिच्यावर चित्रं उगवायची, आणि काम बदललं की चित्रंही बदलायची.

काकांनी त्या पट्टीशी उभा दावा मांडला. "बटन कशाला म्हनतात? दाबलं की बोटाला कळलं पायजे. ही मेली नुसती बघत बसते." कुठलं चित्र कुठे, ते बोटाला समजावं म्हणून त्यांनी पट्टीवर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचे तुकडे डकवले. चित्रं जागा बदलून मोकळी. आवाज कमी करायला जावं तर पडद्याचा उजेड जायचा. त्यात टायपिस्टची जुनी खोड अशी, की शब्द सुचेना झाला की बोटं वरच्या ओळीवर टेकवून बसायचं. बटणावर टेकलेलं बोट निमूट राहतं, पट्टीवर टेकलं की काहीतरी घडतंच.

"काका, दुसरा घ्या ना," मी एकदा वैतागून म्हटलं.

"पोरीनं दिलाय. तिला काय सांगू, तुझा नको?"

मग काकांच्या बायकोला, मोनिकाकाकूंना, पोटाचा कॅन्सर निघाला. हॉस्पिटलने शेवटी घरी न्या म्हणून सांगितलं. फादर येऊन मरणाआधी लावतात ते शेवटचं तेल लावून गेले. माझ्यादेखत काकू एकदा काकांना म्हणाल्या, "माझं आदी लिवून ठेवा. त्या दिवशी तुमची बोटं चालायची नाय."

"गप बस! तुला काय कळतं त्यातलं?" काका खेकसले आणि वाडीत जाऊन उगाच केळींना पाणी घालत राहिले.

पण एका दुपारी काकूंचा डोळा लागला, तेव्हा पलंगाशेजारी खुर्ची टाकून ते लिहायला बसलेच. नाव झालं, माहेरचं नाव झालं, ग्रेटा झाली. पुढे काही सुचेना. बोटं वरच्या ओळीवर टेकली. पट्टीवर नेमकं तेव्हा 'पाठवा'चं चित्र उगवलेलं होतं. ना आवाज, ना काही. बातमी गावभर गेली, आणि काकांना पत्ताच नाही.

मी काकूंसाठी पेज घेऊन पोहोचले तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. काकू जाग्या झाल्या. "कोन गेलं ओ?" त्यांनी विचारलं.

गावातलं प्रत्येक मरण ज्यांना आधी कळायचं ते काका म्हणाले, "म्हाईत नाय."

थोड्याच वेळात दारात माणसं जमली. पुढे पेद्रूमामा, हातात हार. काकू उशीला टेकून बसलेल्या बघून मामांनी तो झटकन पाठीमागे लपवला, पण हार एवढा मोठा, की दोन्ही बाजूंनी दिसत राहिला. काकांनी लॅपटॉपकडे पाहिलं आणि ते पांढरेफटक पडले.

काकूंनी मात्र सगळ्यांवरून शांतपणे नजर फिरवली. आंब्याच्या एका झाडावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेली त्यांची जाऊ दारात धाय मोकलून रडत होती. काकू तिला म्हणाल्या, "आलीस? बस. खरंच मेले असते तर दिसली नसतीस मला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चा टाक सगळ्यांना."

लोक चहा प्यायले, थोडे हसलेसुद्धा. काका स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे होते. "मी मारली तिला," एवढंच पुटपुटत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर त्यांनी लॅपटॉपवर चादर टाकली. दिवसभर काकूंजवळ बसायचे, बोट त्यांच्या मनगटावर, नाडीवर. जेवायला उठवलं तरी उठायचे नाहीत. "ही नाडी बटनासारखी हाय," मला म्हणायचे. "थांबली की बोटाला कळनार. आता नाय चुकनार मी."

एका सकाळी मी नेहमीसारखी पेज घेऊन गेले. खटखट नव्हती, घंटा नव्हती. काका तसेच बसलेले, एका हाताचं बोट काकूंच्या मनगटावर. चादर बाजूला पडलेली, लॅपटॉप मांडीवर, त्या दुपारचा मजकूर उघडा. काकूंच्या कपाळाला मी हात लावला. गार होतं.

मी खाली बसले.

"लिवलेलं हाय सगळं," काका म्हणाले. "वेळ तेवढी भरायची हाय."

मी पेजेचं भांडं बाजूला ठेवलं.

"बोट हितंच होतं माझं. काढलंच नाय. पन कळलं नाय गं." मग कचेरीत साहेबांना विचारायचे असतील तसं, मान खाली घालून त्यांनी मला विचारलं, "पोरी, वेळ काय टाकू?"