पाचशे सह्या आणि एक बैल

कलादालनाला वर्ष पुरं व्हायला तीन दिवस उरले होते आणि वहीत सह्या होत्या एकसष्ट. त्यातल्या चौदा एकट्या सुमनबाईंच्या. दुपारी नवऱ्याचा, म्हणजे रामकिशन सरांचा, डबा घेऊन त्या यायच्या, नवऱ्याचं पडलेलं तोंड बघायच्या आणि एक सही ठोकून द्यायच्या. सरांनी एकदा हटकलंही, "अगं, रोज रोज सही केलीस तर खोटं दिसतंय."

"खोटं कसं? रोज येते, रोज बघते. त्या शेषेरावांना म्हणा, तुम्ही वर्षात एकदा तरी आलात का?"

तेहतीस वर्षं सरांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवली होती. निवृत्त झाल्यावर उमरीतल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं रिकामं गोदाम गावाच्या मदतीनं झाडून घेतलं, चुना मारला, पोरांची नि स्वतःची चित्रं भिंतींवर लावली आणि दारावर सुबक अक्षरांत लिहिलं, 'सार्वजनिक कलादालन'. गोदाम गावच्या समितीचं. समितीचे अध्यक्ष शेषेराव, आणि त्यांच्या डोक्यात तिथं जिम काढायचं होतं. उद्घाटनाच्या भाषणातच त्यांनी सांगून टाकलं, "सर, एक वर्ष देतो. पाचशे माणसानं चित्रं बगून वहीत सही केली तर गोदाम तुमचं. न्हाई झाली तर पोरांची जिम."

पाचशे म्हणजे काय मोठं, असं सरांना तेव्हा वाटलं होतं. पण उन्हाळ्यात लोक दारातूनच "पंखा हाय का?" असं विचारून परत गेले. लग्नसराईत एक वऱ्हाड आपल्या मुक्कामाचा जानवसा समजून आत शिरलं, नवरदेव सहस्रकुंडाच्या धबधब्याच्या चित्रापुढं उभा राहून फेटा बांधून गेला, सही कुणी केली नाही. पावसाळ्यात शेळ्या मात्र नेमानं आल्या. शेळ्या सही करत नाहीत, नाहीतर दिवाळीच्या आतच आकडा पुरा झाला असता.

गोदामात सरांची स्वतःची दोनच चित्रं होती. एक कोपऱ्यातला पांढरा बैल आणि दुसरं समोरच्या भिंतीवरचं, अण्णारावांचं तोंड. त्या दोन चित्रांची गोष्ट सगळ्या उमरीला ठाऊक होती. अण्णाराव म्हणजे सरांचा पहिलीपासूनचा सोबती. बारा वर्षांपूर्वी पोळ्याला सरांनी अण्णारावांच्या घराच्या भिंतीवर त्यांचा ढवळ्या बैल रंगवला. सगळं गाव जमलेलं. अण्णाराव दोन पावलं मागं सरले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "रामकिशन्या, आंग बैलाचं हाय, पर तोंड गाढवाचं काढलास की रं!" गाव खो खो हसलं. सरांनी ब्रश धुतला, चपला घातल्या आणि घरी आले. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. पुढं सरांनी तोच बैल, तसल्याच तोंडाचा, हट्टानं पुन्हा कागदावर काढला. आणि अण्णारावांचं तोंड, त्यांना समोर न बसवता, नुसत्या आठवणीनं काढलं. हाताला त्या माणसाची एकेक सुरकुती ठाऊक होती, त्याला सर तरी काय करणार?

सव्वीस जानेवारीला सर शाळेत झेंडावंदनाला गेले. जाताना कलादालनाचा शिपाई निवृत्ती याला फोनवर बजावलं, "प्रतिमेला हार घाल, दिवा लाव, उदबत्ती लाव. मी अकराला येतोच."

निवृत्ती इस्लापूरकडचा, दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेला. मोठा सरळ माणूस. कार्यक्रमात पुजायची महापुरुषांची प्रतिमा कपाटात ठेवलेली असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कपाटाची किल्ली सरांच्याच खिशात होती. त्यानं गोदामभर नजर फिरवली. धबधबा, डोंगर, मोर, बैल. माणसाचं तोंड असलेली फ्रेम एकच. हा म्हातारा कोण असेल ते असो, भिंतीच्या मधोमध आहे म्हणजे मोठाच माणूस असणार. त्यानं झेंडूचा जाड हार घातला, कपाळाला गंध लावलं, खाली पाटावर दिवा ठेवला, उदबत्त्या खोचल्या आणि खाली सतरंजी अंथरून बाजूला अदबीनं उभा राहिला. काम कसं चोख केलं होतं.

समोरच्या मोबाईलच्या दुकानातल्या रामलिंगनं दारातून हे पाहिलं आणि तो धावतच आत आला. "आरं देवा! अण्णाकाका गेले?"

निवृत्तीनं हात जोडले. पूजेच्या ठिकाणी बोलायचं नसतं एवढं त्याला कळत होतं.

रामलिंगला आठवलं, तीनच दिवसांमागं अण्णाराव नि त्यांची बायको साखराबाई बसस्टँडवर दिसले होते, पिशवी घेऊन. 'कुठं निघालात काका' म्हटल्यावर 'लातूरला, दवाखान्यात' म्हणाले होते. दोन आणि दोन चार झाले. त्यानं टोपी काढली, फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. भावपूर्ण श्रद्धांजली. अर्ध्या तासात उमरीभर झालं. लोकांनी अण्णारावांना फोन लावला, तर कुलूपबंद घराच्या आत फोन वाजून राहिलेला. विसरून गेले होते ते. पण बंद घरात वाजणारा फोन ऐकून बायकांनी पदर डोळ्याला लावला. मोठ्या लेकीचा, तनुजाचा लातूरचा नंबर होता, तो त्याच फोनात.

आता भेटायला जायचं कुठं? घराला कुलूप. फोटो, हार, दिवा, सतरंजी तर कलादालनात. माणसं तिकडं वळली.

सर अकराला आले आणि दारातच थबकले. पन्नास-साठ चपला! आत सतरंजी भरलेली, पुरुषांच्या टोप्या मांडीवर, बायका भिंतीला टेकून, आणि सगळ्यांच्या नजरा चित्रावर. चिडीचूप. सर सोबत आलेल्या सुमनबाईंच्या कानात म्हणाले, "बघ. लोकांना चित्रापुढं कसं बसावं ते कळायलंय."

मग त्यांना हार दिसला.

"निवृत्ती, तो हार—" एवढंच ते बोलू शकले. रामलिंगनं त्यांना मिठी मारली. "सर, आपले अण्णाकाका गेले हो."

कुणी सांगितलं, कधी, कसं, हे सरांनी विचारलं नाही. तिथं बसलेल्या कुणीच विचारलं नव्हतं. हार घातलेली फ्रेम कधी खोटं बोलत नाही, असं आपल्याकडं मानतात. सर भिंतीला धरून खाली बसले. सुमनबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांना दिसलाही नाही. बारा वर्षं अण्णारावांच्या दारावरून सायकल नेली, एकदा ब्रेक दाबला असता तर काय बिघडलं असतं? असं त्यांना वाटत राहिलं.

दोन दिवस रीघ होती. खेड्यांतून जीपा भरून माणसं आली. येणारा चित्रापुढं हात जोडून उभा राहायचा, मग टेबलावरच्या वहीत लिहायचा. 'काका गेले, शिवार पोरकं झालं.' 'अण्णा, तुमच्यासारखं माणूस व्हनं न्हाई.' एकानं तर 'मपला नांगर तुमच्याकडंच राहिला' असंही लिहिलं. निवृत्ती तेल घालून घालून दिवा तेवत ठेवायचा. आपल्या हातून काय झालंय याची त्याला गंधवार्ता नव्हती. सव्वीस जानेवारीला इथं असंच असतं, अशी त्याची समजूत झाली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी लोक पांगल्यावर सरांनी वही ओढली आणि लिहिलं, 'अण्णा, त्या बैलाचं तोंड चुकलंच होतं. मला तेव्हाच कळलं होतं. तू सगळ्यांसमोर बोललास म्हणून मी मानलं नाही. हे तुला सांगायला पाहिजे होतं. आता कुणाला सांगू?' खाली सही केली आणि वही मिटून तिच्यावर हात ठेवून बसले.

अठ्ठावीस तारखेला वर्ष भरलं. शेषेरावांनी त्याच दिवशी कलादालनात शोकसभा ठेवली. माणूस तसा दिलदार, पण बोलायला उठला की स्वतःला आवरता येत नाही. "जिमचं काय घेऊन बसलाव?" त्यांनी डोळे पुसत टेबलावर हात मारला. "हे गोदाम आजपासून 'अण्णाराव स्मृती कलादालन'. समितीच्या वतीनं सांगून राहिलो. जिम मी मपल्या शेतातल्या आखाड्यावर काढीन!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कलादालन वाचलं होतं. आणि सरांना त्याचा आनंद होत नव्हता. ते हाराकडं बघत होते.

"हाव, नाव बराबर हाय," दारातून आवाज आला. "पर स्मृती काढून टाका त्यातली."

काळा चष्मा लावलेले अण्णाराव उंबऱ्यात उभे होते. मागं साखराबाई, त्यांच्यामागं तनुजा. एका म्हातारीनं किंकाळी फोडली. निवृत्तीनं चित्राकडं पाहिलं, माणसाकडं पाहिलं आणि हळूच जाऊन दिवा विझवला.

"मोतीबिंदू काढायला गेलतो लातूरला," अण्णाराव म्हणाले. "आज सकाळी तनुजाच्या मोबाईलवर मपला फोटू आला. जेवत होतो. हिनं बगितला अन् भाकरी तशीच टाकून बोंब मारली. मी म्हणलं, आगं मी हितं बसलोय, आंधी मला वाढ!"

"शुभ बोला," साखराबाई फणकारल्या. "कोण त्यो मेला हार घालनारा? समोर आना त्याला!"

निवृत्ती रामलिंगच्या मागं सरकला.

शेषेराव मात्र भानावर आले होते. त्यांनी घसा खाकरला. "अण्णाराव, तुमी आलाव, लई आनंद झाला. पर मी बोललो ते स्मृतीपायी बोललो. स्मृतीच न्हाई, तर मग... शर्त पाचशे सह्यांची व्हती, सर."

सरांनी वही पुढं केली. शेषेरावांनी मोजल्या. सहाशे अकरा.

"ह्या श्रद्धांजलीच्या सह्या हायत," ते म्हणाले. "चित्र बगायच्या न्हाईत."

"का न्हाईत?" अण्णाराव पुढं आले. "हात जोडून, टोपी काढून, पाच-पाच मिन्टं उभं राहून बगितलं न्हवं? आनखी कसं बगतेत चित्र? तुमी सोता बगितलंव का न्हाई, शेषेराव?"

"बगितलं."

"रडलाव का न्हाई?"

शेषेरावांनी रुमाल खिशात कोंबला. सगळ्या गावादेखत रडले होते. "जावा, घ्या तुमचं गोदाम," ते पुटपुटले आणि टोपी घालून निघाले. मागून सगळेच हसले, आणि त्या हसण्यात सभा मोडली.

उरले घरचे तेवढे. अण्णारावांनी चष्मा कपाळावर सरकवला, वही हातभर लांब धरली आणि नव्या डोळ्यानं एकेक पान वाचू लागले. कोण किती रडलंय ते त्यांना बघायचं होतं. "नांगर ह्याचा व्हता व्हय? मी मपलाच समजत व्हतो." मग एका पानावर ते थांबले. सर खिडकीकडं तोंड करून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते.

अण्णारावांनी वही मिटली आणि ते कोपऱ्यातल्या बैलापुढं जाऊन उभे राहिले. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं.

"रामकिशन्या."

"हं."

"डाक्टर म्हनला, मोतीबिंदू लई जुना हाय. धा-बारा वर्सांचा असंल." त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. "बैल हाय रं ह्यो. चांगला बैलावानी बैल हाय. मपलाच डोळा गेल्ता."

सर वळले. डोळे भरले होते, पण ते चित्राजवळ गेले आणि बोट ठेवलं. "नाही अण्णा. कानाखाली बघ. नाक लांब झालंय. गाढवच आहे."

"बैल हाय म्हनतो न्हवं."

"चित्र कुणी काढलंय? मी काढलंय. मला कळत नाही का? गाढव आहे!"

"अन् बैल कुनाचा व्हता? मपला व्हता! तोंड मी रोज बगत व्हतो!"

"अगं बाई," सुमनबाई साखराबाईंना म्हणाल्या, "आता आणखी बारा वर्षं."

पण तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्ती कुलूप काढतो, तर अण्णाराव पायरीवर बसलेले. आत गेले, बैल पाहिला आणि नव्या वर्षाच्या कोऱ्या वहीत पहिली सही केली. समोर अभिप्राय लिहिला, 'बैलच हाय.' दुपारी सरांनी त्याच्या खाली लिहिलं, 'गाढव आहे.' तिसऱ्या दिवशी अण्णाराव दोन साक्षीदार घेऊन आले, चौथ्या दिवशी सरांनी शाळेतले तीन मास्तर आणले. उन्हाळा लागायच्या आतच सह्या पाचशेच्या पुढं गेल्या. निवृत्तीचा हात अजूनही अधूनमधून हाराकडं जातो, पण आता घालण्याआधी तो दारात जाऊन अण्णाराव येताना दिसतात का ते बघतो.