करडईची फुलं अन् माझी चिमूट

वाळवणातलं मला शिकवणारं माणूस शिरड शहापुरात अजून जन्माला यायचंय! कुरडया, सांडगे, पापड, सगळं माझ्या हातचं. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण ऊन मला तोंडपाठ आहे!

म्हणूनच विहीणबाईंना, माझ्या ज्योतीच्या सासूला, मी छातीठोक शब्द दिला. दिवाळीला माझ्या घरची रंगीत जिलेबी खाऊन ज्योतीच्या लेकराच्या, कुलदीपच्या, अंगावर गांधी उठल्या होत्या. तेव्हापासून ह्या पद्माबाई कळमनुरीत जिथं बसतील तिथं आमच्या जिलेबीचं कीर्तन! मी म्हणाले, "जावळाला या. लेकरू मामाच्या मांडीवर बसवू, अन् गोड भात करडईच्या फुलांनी रंगवू. बाजारचा रंग घरात दिसला तर नाव बदला माझं!"

फुलं खुडताना काट्यांनी बोटांची चाळणी झाली. सून शिवकन्या म्हणाली, "आत्याबाई, पाकळ्या सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो म्हणतेत."

"कोण म्हणतंय?"

"मोबाईलवर बघितलं."

"तुझ्या मोबाईलनं कधी कुरडई घातली का? वाळवण म्हणजे ऊन!"

तिच्या ओंजळभर पाकळ्या तिनं धान्याच्या कोठीमागं पसरल्या. मी म्हणाले, "बुरशी खा मंग!"

चार दिवसांनी पत्र्यावरून माझ्या पाकळ्यांचं सूप उतरवलं, तर काय! केशरी पाकळ्या म्हाताऱ्याच्या दाढीसारख्या झालेल्या! तांब्यात भिजत घातल्या, तर पाणी जसंच्या तसं. अन् जावळ दुसऱ्या दिवशी!

सुनेकडं मागायच्या? त्यापरीस जीभ छाटून घेईन!

सकाळी पदराआड लपवून दुकानातून रंगाची पुडी आणली. फक्त एक चिमूट टाकली. चिमूटभरानं काय होतंय, असं मनाला बजावलं. मन गप बसलं. ते बी मला भिऊनच असतं.

तांब्या चुलीपाशी ठेवून सुनेला म्हणाले, "हे घे! बघ ऊन काय करतं ते!"

तिनं तांब्यात बघितलं, माझ्याकडं बघितलं. "व्हय, आत्याबाई."

भारतच्या, माझ्या लेकाच्या, मांडीवर कुलदीपनं सारं गाव गोळा होईल असं भोकाड पसरलं. जावळ झालं, पंगत बसली. पद्माबाई शीत उजेडात धरून सोनारासारखं पारखू लागल्या.

"रंग झकास उतरला की वो!"

"उन्हाची करामत!" मी म्हणाले.

तेवढ्यात ज्योतीनं लेकरासाठी घास उचलला. त्याचं तुळतुळीत डोकं, चिमणीच्या पिल्लागत वासलेलं तोंड! अन् मला त्या गांधी आठवल्या. रात्रभर अंग खाजवून रडलं होतं बिचारं.

"थांब! त्याला घालू नको!"

चाळीस बायांचे हात हवेत थांबले.

"भातात बाजारचा रंग हाय." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "मीच घातला. माझ्या पाकळ्यांचा रंग उडाला होता."

पद्माबाईंनी हातातलं शीत हळूच ताटाच्या कडेला ठेवलं. मला वाटलं, धरणी फाटावी अन् मी सुपासकट आत जावं!

शिवकन्या ओल्या हातानं धावत आली. "अवं न्हाई, आत्याबाई! तुमचा तांब्या मी मोरीत ओतला. ह्यो रंग माझ्या सावलीतल्या पाकळ्यांचा हाय."

"तुला कळलं कसं?"

"तुमची चिमूट बघा की!"

मी बघितली. चाळीस बायांनी बघितली. अंगठा अन् बोट गाजरासारखी लालकेशरी! त्याच हातानं सकाळपासून सगळ्यांना कुंकू लावत हिंडले होते!

"मंग आधी काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी ऐकलं असतं का?"

मांडव हसून हसून पडायचा राहिला. पद्माबाईंनी तेच शीत उचलून तोंडात टाकलं, अन् मग स्वतःच्या हातानं नातवाला घास भरवला. "खा राजा, खा. तुझ्या मामीनं केलाय. आजीनं न्हाई!"

लेकराला काही झालं नाही. दोनदा मागून खाल्लं त्यानं. माझाच शब्द तेवढा वाया गेला. गप बसले असते तर कुणाला कळलंही नसतं!

आता आमच्याकडं करडईची फुलं कोठीमागं सावलीत वाळतात. राखणीला मी बसते. गावात तोंड दाखवण्यापरीस तिथं बरं वाटतं. अन् सावलीत रंग टिकतो म्हणे. चिमटीवरचा तर अजून गेला नाही!