सहावी सर्दी

कोणताही आजार नियमात बसल्याशिवाय खरा होत नाही, हे आरोग्यशास्त्राचं मूलतत्त्व आहे.

मुलांच्या सर्दी-खोकल्याचंच घ्या. रक्तात पांढऱ्या पेशी किती, हे कोणीही मोजेल. पण त्या जंतू गिळतात की नुसती हजेरी लावून बसतात, हे पाहणारी तपासणी वेगळी. ती आमच्या बालरुग्णालयात होते, आणि उगाच कोणाच्याही पेशींवर संशय घेतला जाऊ नये म्हणून नियम आहे: एका वर्षात सहा वेळा छाती भरलेली असावी. (सातव्याला हरकत नाही.)

शिंपीणबाईंची चार वर्षांची भिंगरी नोव्हेंबरअखेर पाचावर अडकली. पाचव्या वेळी तिला प्राणवायू लावावा लागला होता. हिच्या पेशींना झालंय तरी काय ते एकदा बघा, असं आईने खिडकीपाशी विनवलं. नोंदणी कारकुनाने वही पाहिली आणि पाच म्हणजे नियमानुसार ठणठणीत, असं सांगितलं. माणूस सज्जन, पेनाला टोपण लावून मगच नाही म्हणतो.

मग घर कामाला लागलं. आजीने काढा बंद केला. बापाने शेजारचं शिंकणारं पोर खेळायला बोलावलं. ते बरं होऊन घरी गेलं. आई भिंगरीला रोज रुग्णालयाच्या बाकावर नेऊन बसवू लागली, कारण जंतूंचा इतका दर्जेदार साठा दुसरीकडे नाही. भिंगरीचं वजन पाऊण किलोने वाढलं. आईला मात्र तीन सर्द्या झाल्या, आजीला दोन. (सगळ्यांच्या मिळून दहा होतात, असा अर्जही केला. सर्दी हस्तांतरणीय नाही, असं उत्तर आलं.) पोरगी आजारी पडू दे म्हणून हात जोडताना आईला स्वतःची लाज वाटली. तरी तिने जोडले.

एकतीस डिसेंबरला दुपारी भिंगरीला ताप भरला, छाती घरघरू लागली. घरात आनंदीआनंद झाला आणि पाठोपाठ सगळे रडले. डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. नोंदणीची खिडकी मात्र जुन्या वर्षाच्या वह्या बांधण्यासाठी बंद होती. नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी झाली.

"नवीन वर्षातली पहिली," कोरं पान तळहाताने सपाट करत कारकून म्हणाला. "सुरुवात चांगली झाली, बाई. आता पाचच राहिल्या."

भिंगरी तेव्हा वरच्या मजल्यावर प्राणवायूवर होती.

कारकुनाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एकतीस तारखेला पोरीला ताप भरला, तेव्हा वाचता वाचता तुम्हालाही हायसं वाटलंच की. या एकदा; खिडकीमागे अजून एक खुर्ची रिकामी आहे.